काठीवरची टोपी

आमच्या आईचं लोणचं तेलात पोहायचं. पोहायचं म्हणजे अगदी बुडी मारून बसायचं. फोड हवी असेल तर डाव बरणीच्या तळापर्यंत न्यावा लागे. तेलात हात आखडणारी बाई तिच्या लेखी माणसांत मोजण्यासारखी नव्हती. शिरूरच्या खालच्या अंगाला, घोडनदीच्या काठी आमचा मळा आणि मळ्यातच चार खणांचं घर. सकाळी विहिरीवरचं इंजिन धापा टाकायला लागायचं, चुलीपुढं भाकरी थापल्याचा आवाज सुरू व्हायचा, आणि आबा, म्हणजे आमचे वडील, माझ्या अंथरुणाकडं तोंड करून खाकरायचे. त्या एका खाकरण्यात ‘ऊठ, गाढवा, सूर्य डोक्यावर आला’ एवढं सगळं येऊन जायचं. आबांचं बोलणं मुळातच कमी. भावकीत, सोसायटीत त्यांच्या शब्दाला वजन होतं, कारण दिलेला शब्द म्हणजे त्यांना शेताचा बांध. एकदा घातला की इकडचा तिकडं सरकवायचा नाही. मी त्यांचा धाकटा मुलगा बाळू. शब्द देण्यात मी कुणाला हार जाणारा नव्हतो. पाळण्याचा विषय अजून निघालेला नव्हता. मॅट्रिकला गणितानं मला एकदा माघारी धाडलं होतं, आणि ‘पुढच्या खेपेला पहिला नंबर काढतो’ हे मी त्याच दिवशी, कुणी न विचारता, सगळ्या आळीला सांगून मोकळा झालो होतो.

आणि मग दादा. माझा थोरला भाऊ मुरलीधर, पायदळात कॅप्टन. आमच्या घराण्यात मातीखेरीज कशाला कुणी हात लावला नव्हता. हा पुण्याला शिकायला गेला आणि तिथूनच परस्पर फौजेत निवडून आला. सुट्टीवर आला की पहिल्या दिवशी तो साहेब दिसायचा, दुसऱ्या दिवशी धोतराचा काष्टा मारून मेथीच्या वाफ्यात पाणी धरायचा आणि तिसऱ्या दिवसापासून माझ्याशी शेंगदाण्याच्या कुटावरून मारामारी करायचा. आता शिरूरात एका चौकाला त्याचं नाव आहे, मधोमध त्याचा पुतळा आहे. कारखान्यांत कामाला आलेली बिहारकडची पोरं रिक्षावाल्याला ‘कॅप्टन चौक छोड दो’ म्हणतात. त्यांना कुणी सांगावं, की हा कॅप्टन झोपेत दात खायचा आणि मांजराला भ्यायचा? पुतळ्याखालच्या पाटीवर हे लिहीत नाहीत. लिहायला हवं, असं मला अलीकडं फार वाटायला लागलंय.

शिरूरला रेल्वे नाही. दादाला सोडायला न्हावऱ्याच्या रस्त्यानं एस.टी.नं दौंडला जायचं आणि तिथून त्याची उत्तरेकडची गाडी. शेवटच्या खेपेला मीच गेलो होतो सोडायला. दौंडच्या फलाटावर भज्यांचा घाणा निघाला होता आणि माझं अर्धं लक्ष त्या कढईत होतं. त्याची काळी ट्रंक, वळकटी आणि आईनं कापडानं तोंड बांधून दिलेली लोणच्याची बरणी मी डब्यात चढवली. गाडी हलायच्या बेतात होती. दादा दारात उभा राहून म्हणाला, “बाळ्या, आईला सांग, लोणच्यात तेल जरा कमी घाल म्हणावं. दर खेपेला बरणी गळती. मागं परेडच्या शर्टाला एवढा डाग घेऊन उभा व्हतो. सगळी मेस हसत व्हती.” मी म्हणालो, सांगतो. गाडी गेली. मी भजी खाल्ली.

घरी आलो तर आई उंबऱ्यातच. “काय म्हणला रं जाताना?” आता तिच्या तोंडाकडं बघून ‘तेल कमी घाल म्हणाला’ असं कसं सांगायचं? तिनं ती बरणी भरायला सकाळ घालवली होती. आणि खरं सांगायचं तर एवढ्या मोठ्या साहेबाचा निरोप म्हणून तो मला फारच फुसका वाटला. मी जरा छाती पुढं काढून म्हणालो, “म्हणला, आईला माझा नमस्कार सांग.” आईनं डोळ्याला पदर लावला. माझं मलाच बरं वाटलं. माझ्या सगळ्या खोटेपणाची तऱ्हा हीच: साधी गोष्ट हातात असली की मला ती शोभेनाशी होते आणि मी तिच्या जागी एखादी जरीची आणून ठेवतो.

त्यानंतर लढाई झाली. तिच्याबद्दल ज्यांना माहिती आहे त्यांनी लिहिलंय. आमच्या मळ्यात ती रेडिओवरून आली आणि मग एक दिवस सायकलवरून, तारेच्या कागदातून आली. तो दिवस मी लिहीत नाही. पुष्कळ दिवसांनी दादाच्या पलटणीतले एक सुभेदार अस्थींचा कलश, ट्रंक आणि टोपी घेऊन आले. पंजाबकडचा उंच, पिकल्या मिशांचा माणूस. अंत्यसंस्कार तिकडंच झाले होते. ते पाटावर अवघडून बसले आणि दादानं काय केलं ते सांगू लागले. कालव्याचा बंधारा होता, पलीकडं मशीनगन होती, पुढची तुकडी पाण्यात अडकली होती. दादाला पहिली गोळी लागली तेव्हा त्याला मागं यायला सांगितलं. तो आला नाही. तो पुढं गेला आणि ती गन बंद झाली, म्हणून पाण्यातले जवान वाचले. त्यांतले एक हे सुभेदार. आबा ताठ बसून ऐकत होते. आईला हिंदी यायची नाही, ती नुसती त्यांच्या मिशांकडं बघत होती. त्यांचं संपल्यावर तिनं मला सांगितलं, “त्येला इच्यार, त्या दिवशी मुरलीनं खाल्लं व्हतं का?”

मी विचारलं. सुभेदारांनी आबांकडं पाहिलं, मग कलशाकडं. “चाय पी थी, माताजी,” ते म्हणाले. “खाना पीछे रह गया था।” मला हे भाषांतर करावं लागलं नाही.

अस्थी आल्या त्या दिवसापासून दिवस धरले आणि दहावा घोडनदीच्या घाटावर केला. माणूस मावत नव्हतं. तालुक्याचे पुढारी, शाळेची पोरं, यवतहून आईचा भाऊ, म्हणजे आमचे मामा, तोवर थांबलेले सुभेदार आणि त्यांच्याबरोबर आलेले दोन जवान. गुरुजींनी पिंड मांडला. गेलेल्या माणसाच्या आवडीचं जवळ ठेवायचं म्हणून आईनं बाजरीची भाकरी, कूट आणि लोणचं ठेवलं. मामा म्हणाले, दादाची टोपी पण ठेवा. ती फौजेची उभी टोपी, पुढं काळं चकचकीत छप्पर आणि वर पितळेचा बिल्ला. ती वाळूत ठेवायला लागले तर सुभेदार कळवळले. टोपी जमिनीवर ठेवत नाहीत म्हणाले. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. अशा वेळी पुढं व्हायची माझी हौस जुनी. मी पळत जाऊन एक काठी आणली, पिंडाच्या शेजारी वाळूत दगडानं ठोकून रोवली आणि टोपी तिच्यावर चढवली. काय सुरेख दिसली. सुभेदारांनी मला शाबासकी दिली. आयुष्यात फौजेकडून मिळालेली ती माझी एकुलती एक शाबासकी.

मग सगळे लांब सरून उभे राहिले आणि कावळ्याची वाट बघायला लागले. कावळे होते. समोरच्या बाभळीवर रांग लागली होती. ते माना वाकड्या करून खाली बघायचे, एखादा झेप घ्यायचा, पिंडाच्या वर येऊन कचकन वळायचा आणि परत फांदीवर. ऊन चढलं. माणसं पायांवरचा भार बदलायला लागली. गुरुजी म्हणाले, काही इच्छा मागं राहिली असेल, बोला, शब्द द्या. मामा हात जोडून पुढं झाले: “मुरली, तुझ्या आईबापाला मी अंतर देणार न्हाई.” कावळा हलला नाही. पुढारी म्हणाले, शाळेला तुझं नाव देऊ. कुणी म्हणालं स्मारक बांधू. कुणी म्हणालं गावात सैनिकांच्या पोरांना फी माफ. माणसं देत होती आणि कावळे बघत होते. आबांचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता. पिकाचं नुकसान, भावकीतले खटले, सगळं त्यांनी खाकरून झेललं होतं. त्या दिवशी ते त्या बाभळीपुढं कोर्टापुढं उभं राहावं तसे उभे होते, आणि मग हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाले, “मुरली, काय पायजे तुला, बाबा? सांग की. उपाशी नको जाऊ.” आईनं वाळूची मूठ घट्ट धरली होती आणि वाळू बोटांतून गळत होती.

मला माहीत होतं दादाला काय सांगायचं राहिलंय ते. निदान मला असं वाटलं, की एकच निरोप अडकलाय आणि तो माझ्यापाशी आहे. मी पुढं झालो. तोंड उघडलं. समोर सुभेदार उभे, जवान उभे, पुढारी उभे, आख्खं शिरूर उभं. एवढ्या माणसांत, एवढ्या शूर माणसाच्या पिंडापुढं, लोणच्याच्या तेलाचं कसं बोलू? माझ्या जिभेनं आयत्या वेळी जरीचं काहीतरी शोधलं. मी काठीवरची टोपी उचलली, डोक्यावर घातली, ती कानापर्यंत खाली आली, आणि लोकांकडं चार पावलं टाकून मी ओरडलो, “दादा, मी जातो फौजेत. तुझ्या जागी.”

पंखांचा आवाज झाला. मी वळून बघेपर्यंत एक कावळा पिंडावर उतरून चोच मारत होता, आणि त्याच्यामागं सगळी रांग.

जमावातून एक हुंकार निघाला. कुणीतरी ‘अमर रहे’ सुरू केलं. सुभेदारांनी मला सॅल्यूट केला, तो खोल टोपीमुळं मला अर्धाच दिसला. आबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ते रडले; सुटल्यासारखे रडले. मी आईकडं पाहिलं. ती कावळ्याकडं बघत नव्हती. ती माझ्या डोक्यावरच्या टोपीकडं बघत होती, आणि बघता बघता जागच्या जागी खाली बसली.

त्यानंतरचं वर्ष मी ‘छोटे कॅप्टन’ म्हणून काढलं. दादाला मरणोत्तर वीरचक्र जाहीर झालं. आई आणि आबा दिल्लीला जाऊन आले. तिथं एका मोठ्या दालनात लांबलचक गालिचा होता, आईचं नाव पुकारलं, तिनं पदर सारखा केला आणि चालत गेली. परत आल्यावर बायकांनी विचारलं, काय वाटलं? ती म्हणाली, “लई वेळ काय काय वाचत व्हते. मुरलीचं नाव तेवढं कळलं.” पदकाची डबी तिनं देव्हाऱ्यात ठेवली नाही, धान्याच्या कणगीशेजारच्या फळीवर ठेवली, कारण दादा सुट्टीवर आला की त्याचं घड्याळ तिथंच ठेवायचा. इकडं सत्कारांचा हंगाम सुरू झाला. शिरूर, यवत, दौंड, पाबळ. हार घालायचे आणि पुढं मला बोलायला उभं करायचे. मी ‘भावाच्या रक्ताची आण’ वगैरे जोरात बोलायचो. टाळ्या पडायच्या. मला फौजेत जायचं नव्हतं. मला अंधाराची भीती वाटायची, फटाक्याची वाटायची, आणि आता तर बंधाऱ्यापलीकडची ती गन मला मेथीच्या वाफ्यातसुद्धा दिसायची. पण हे कुणाला सांगणार? शब्द मी दिला होता, आणि त्याची पावती खुद्द कावळ्यानं दिली होती.

एकदा संध्याकाळी धार काढायच्या वेळी गोठ्यामागं मी वैरण तोडत होतो. आत आई म्हणत होती, “एक दिला की. दुसरा कशाला?” चरवीत दूध पडल्याचा आवाज तेवढा येत होता. मग आबा म्हणाले, “मला का पोरगं जड झालंय? पर मुरलीनं घास घेतला त्यो ह्याच्या शब्दावर. आता शब्द फिरवला तर त्यो परत उपाशी. तिकडं बी उपाशी गेला, आन् आपल्या दारात बी उपाशीच?” आई चरवी उचलून घरात गेली. एक पोरगं उपाशी ठेवायचं की दुसरं घालवायचं, एवढाच हिशेब त्या घरात उरला होता आणि तो मांडला होता मी, गणितात नापास झालेल्यानं.

दौंडला भरती निघाली. आबा मला घेऊन गेले. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना सांगितलं होतं, की मला नापास करा, एवढी वर्षं तर न मागता करत आलात. धावायला लावलं, मी शेवटी राहावं म्हणून हळू पळत होतो, तर माझ्यामागचे दोघं धापा टाकत बसले आणि मी पास. छाती मोजताना मी श्वास बाहेर सोडून पोपटासारखा उभा राहिलो. हवालदार मुरलेला होता. त्यानं बरगडीत बोट खुपसलं, मी दचकून हवा ओढली आणि फीत हवी तेवढी ताणली गेली. डॉक्टरांनी डोळे, कान, तळपाय सगळं बघितलं. एक व्यंग म्हणून सापडेना. ‘कॅप्टनसाहेबांचा भाऊ’ कळल्यावर तर त्यांनी मला चहा पाजला. येताना आबा एस.टी.त खिडकीशी बसले होते. न्हावरं गेल्यावर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि शिरूर येईपर्यंत काढला नाही.

हजर व्हायचं होतं ते दादाच्या वर्षश्राद्धानंतर लगेच. श्राद्धाच्या आधी मक्याची कणसं भरत आली होती आणि कावळ्यांनी धुमाकूळ घातला होता. आईनं एक काळं मडकं, आबांचा फाटका सदरा आणि काठी मला दिली, बुजगावणं उभं कर म्हणाली. मी बांधावर काठी दगडानं ठोकली, मडकं पालथं घातलं. मक्यातनं कावळे उठले आणि बांधावरच्या झाडावर जाऊन रांगेनं बसले, माना वाकड्या करून खाली बघत. एकानं झेप घेतली, मडक्याच्या वर आला आणि कचकन वळून परत फांदीवर गेला. मी निघालो होतो. आई हातात विळा घेऊन तिकडंच बघत उभी. कणसावर कीड पडलीय का म्हणून मीही बघितलं. ती म्हणाली, “बाळ्या, त्या दिवशी घाटावर टोपीची काठी कुणी रोवली व्हती रं?” मी म्हणालो, “मीच की.” आणि वर हेही सांगितलं, की सुभेदारांनी शाबासकी दिली होती. ती माझ्याकडं बघत राहिली. मग घराकडं चालायला लागली. माझ्या डोक्यात काहीही शिरलं नाही. बुजगावण्याला निदान मडक्याचं डोकं होतं.

श्राद्धाला भावकी जमली, मामा आले, आळीतली माणसं आली. वास्तविक एवढ्यांना बोलवायची आबांची इच्छा नव्हती. आईनं हट्टानं बोलावलं होतं. पुरण, वडे, आमटी, भाकरी, कूट, लोणचं असं पान तिनं विहिरीच्या कठड्यावर ठेवलं आणि मला म्हणाली, टोपी आण, त्या दिवशीसारखी काठी रोव. मी रोवली. सगळ्यांना ते शोभूनच दिसलं. आम्ही मागं सरलो. लिंबाच्या झाडावर कावळे आले आणि बसून राहिले.

वेळ गेला. पुन्हा तीच चुळबूळ, पुन्हा तेच हात जोडणं. मामा म्हणाले, “मुरली, बाळू चाललाय की भरतीला. शब्द पाळतोय त्यो.” कावळा हलला नाही. आबा पुढं झाले. “त्याची तारीख लागली, बाबा. मी सोता सोडायला जाणार हाय. अजून काय ऱ्हायलं?” मी मागं उभा राहून घामानं भिजलो होतो. आता माझ्या न झालेल्या पोरांनासुद्धा फौजेत देऊन टाकावं की काय, असा विचार माझ्या डोक्यात येऊन जिभेपर्यंत पोचला होता.

तेवढ्यात आई चालत कठड्यापाशी गेली. तिनं काठीवरची टोपी उचलली, पदराखाली घेतली आणि काठी उपटून आडवी ठेवली. मागं सरली. कावळा उतरला. त्यानं वडा उचलला. लोक हात जोडायला लागले, तर ती परत पुढं गेली, कावळा उडाला, तिनं काठी रोवली, टोपी चढवली आणि बाजूला झाली. कावळे फांदीवर. तिनं पुन्हा टोपी काढली, काठी उपटली; कावळे पानावर आले आणि या वेळी तिनं त्यांना खाऊ दिलं.

“बघितलं?” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “टोपीला भ्यात्यात ती. त्या दिवशी बी टोपीलाच भ्याली व्हती. ह्यानं उचलली म्हणून आली. माझ्या पोराचा शब्द कुणी मागितला नव्हता.”

मामा काहीतरी म्हणायला गेले, पण आबांनी हात वर केला. ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. “मंग त्या दिवशी...” एवढंच म्हणाले.

“व्हय.”

“म्हंजी मुरलीनं...”

“मुरलीनं आपल्याला काय बी सांगितलं न्हाई,” आई म्हणाली, आणि तिथं मात्र तिचा आवाज गेला. “एवढं बी न्हाई सांगितलं.”

मला तेव्हा सुटल्याचा आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. मी विहिरीला टेकलो. पण आज या वयात तो दिवस आठवतो तेव्हा मला माझी सुटका दिसत नाही, आबांचा चेहरा दिसतो. वर्षभर त्या माणसाला एकच आधार होता, की पोरानं आपलं ऐकलं, आपल्याला उत्तर दिलं, आपल्या हातचा घास घेतला. आईलाही तोच होता. दोघांकडं दादाचं म्हणून तेवढंच होतं. पदकाचं काय, ते सरकारचं. मला ठेवून घ्यायला तिनं ते चारचौघांत आपल्या हातानं मोडलं. आबांनी काठी उचलली, गुडघ्यावर ठेवून तिचे दोन तुकडे केले, ते चुलीच्या सरपणात नेऊन टाकले आणि म्हणाले, “बाळू जाणार न्हाई. पंगत बसवा.” बांध सरकवलेला मी त्यांना आयुष्यात तेवढा एकदाच पाहिला. पुढं गावानं मला बरीच वर्षं ‘टोपी’ म्हणून हाक मारली. मी ओ देत गेलो.

पंगती उठल्या, माणसं गेली. दुपार कलली होती. आई विहिरीपाशी उष्टं पान गोळा करायला गेली आणि तिथंच बसली. मी भांडी घेऊन आलो तर म्हणाली, “बाळ्या, तू त्याला शेवटचा बघितलास. दौंडाला. खरंच काय बोल्ला न्हाई का रं त्यो? नमस्कार सांग म्हणला, त्याच्याबिगर?”

माझ्या जिभेवर पुन्हा जरीची गठडी उघडायला लागली होती. मी बघितलं, पानावर कावळ्यांनी सगळं नेलं होतं, फक्त लोणच्याची फोड राहिली होती, तेलाच्या थारोळ्यात. “नमस्कार म्हणला नव्हता,” मी म्हणालो. “त्ये मी लावलं. लोणच्यात तेल कमी घाल म्हणला. बरणी गळती म्हणला. शर्टाला डाग पडतो आन् सगळी हसत्यात.”

मला वाटलं, आता रडेल, नाहीतर मला बडवेल, आणि दोन्हींची माझी तयारी होती. तिनं विचारलं, “कुठल्या शर्टाला?”

“परेडच्या.”

“मंग सांगायचं न्हाई व्हय मला?” ती म्हणाली. “मी कापड घट बांधलं असतं.” आणि मग ती हसली. हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं आणि ती तशीच, एकदा हसत आणि एकदा रडत, कठड्याला डोकं टेकून बसली. मध्येच मान वर करून परत विचारायची, “लई हसली का रं समदी?” मी म्हणायचो, “लई.” तिला ते पुन्हा पुन्हा ऐकायचं होतं. वर्षभरात दादाबद्दल इतकं काही वाचलं गेलं, बोललं गेलं, पण हे पहिलंच होतं जे तिला भाषांतराशिवाय कळत होतं. शेवटी तिनं पानावरची ती फोड उचलली, पदरानं चांगली पुसली, उलटून पुन्हा पुसली, कोरडी केली आणि कठड्यावर ठेवली. कावळा आला आणि घेऊन गेला. टोपी तिथं नव्हती, फोड समोर होती, कावळा येणारच होता.

आईच्या मागं श्राद्धाचं पान मीच वाढतो. घरात आता माझी सून आहे, तिचं लोणचं बेताच्या तेलाचं, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. तरी मी फोड घेतो आणि सदऱ्याच्या टोकाला पुसतो. दर वर्षी बायको म्हणते, अहो, फडकं ठेवलंय ना शेजारी, धुतल्या सदऱ्याला डाग कशाला पाडून घेता? मी म्हणतो, राहू दे. हसतील फार तर.